फॉर्सिपोमाइया : एका चिलटवंशाची कैफियत

प्राणिसृष्टीत काही कुले अशी आहेत की, त्यांतील अल्पसंख्य घटकांच्या आचरणावरून साऱ्या कुलाची प्रतिष्ठा ठरून जाते, आणि एकदा ती ठरली म्हणजे उरलेल्या बहुसंख्येच्या बाजूने साक्ष देण्यास पुढे येणारा मनुष्य सहसा आढळत नाही. डासांहून कितीतरी लहान असलेली, तिन्हीसांजेला गोठ्याभोवती, पाणथळीच्या कडेला किंवा बागेतील ओल्या सावलीत अंगाला येऊन झोंबणारी आणि आकाराच्या मानाने फार तीव्र दंश करणारी जी चिलटे कीटकशास्त्रात सेराटोपोगोनिडी या नावाने ओळखली जातात, त्यांचे कुल हे याचे ठळक उदाहरण होय. या कुलात आजवर सहा हजारांहून अधिक जातींचे रीतसर वर्णन झाले असून त्या शंभराहून अधिक वंशांत विभागल्या आहेत. त्यांतील कित्येक जाती आपल्याहून लहान कीटकांची शिकार करतात, कित्येक केवळ फुलांतील रसावर राहतात. परंतु मनुष्य, गुरेढोरे, पक्षी अशा पृष्ठवंशी प्राण्यांच्या रक्तावर निर्वाह करणाऱ्या जाती शोधू गेल्यास त्या अवघ्या चार वंशांत सापडतात, आणि त्या चारांपैकी एका वंशात तर ही सवय एकाच उपवंशापुरती मर्यादित आहे. तो वंश म्हणजे फॉर्सिपोमाइया. आणि ज्याचे नाव सुशिक्षित वाचकाच्याही कानावर क्वचितच पडले असेल, अशा या वंशाची ओळख मराठी वाचकांना करून द्यावी, एवढाच पुढील पृष्ठांचा उद्देश आहे.

कुलाची अपकीर्ती निराधार आहे असे मात्र कोणी समजू नये. क्युलिकॉइडीस हा या कुलातील सर्वांत कुप्रसिद्ध वंश होय, आणि मेंढ्यांना होणाऱ्या नीलजिव्हा नामक विषाणुजन्य रोगाचा प्रसार त्याच्यामार्फत होतो, हे दक्षिण आफ्रिकेतील ऑन्डरस्टेपोर्ट येथे दु टॉइट या संशोधकाने १९४४ साली दाखवून दिले. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली झाली, आणि ती महाराष्ट्रातून झाली. पावसाळ्याच्या अखेरीस कळपातील मेंढ्यांना ताप भरावा, ओठ व जीभ सुजावी, खुरांच्या वरची कातडी लाल होऊन जनावर लंगडू लागावे आणि पाहता पाहता कळपाचा कळप खंगत जावा, हे ज्या धनगरांनी डोळ्यांदेखत पाहिले, त्यांच्यापुढे चिलटांची तरफदारी करण्यास कोण धजेल? सरकारांनी आणि संशोधनसंस्थांनी आपले द्रव्य व आपली बुद्धी प्रथम या अपराधी शाखेच्या चौकशीवर खर्च केली, हे योग्यच झाले. मात्र या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की, रोगांच्या दफ्तरात ज्याचे नाव नाही, त्याच्या चौकशीसाठी तरतूदही नाही, अशी वहिवाट पडून गेली. आणि हजाराहून अधिक जातींचा, अंटार्क्टिका सोडून पृथ्वीच्या प्रत्येक खंडावर पसरलेला फॉर्सिपोमाइया हा वंश तज्ज्ञांच्या लहानशा वर्तुळाबाहेर जवळजवळ अज्ञात राहिला.

या वंशाला १८१८ साली नाव दिले ते योहान विल्हेल्म मायगेन या जर्मन निसर्गाभ्यासकाने. शिक्षकी करून निर्वाह चालविणाऱ्या या गृहस्थाने द्विपंखी कीटकांच्या अभ्यासात आपले सारे आयुष्य वेचले. माश्यांच्या पंखांवरील शिरांची रचना हे वर्गीकरणाचे किती भरवशाचे साधन आहे हे त्याने ओळखले, आणि युरोपातील द्विपंखी कीटकांचे वर्णन करणारा त्याचा बहुखंडात्मक ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागला. एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या प्राण्याच्या पंखावरील शिरा त्या काळच्या भिंगाखाली न्याहाळून त्यांचे चित्र हाताने रेखाटणे, हे केवढे चिकाटीचे काम असेल याची कल्पना आज आपल्याला सहज येणार नाही. फॉर्सिपोमाइयाच्या बाबतीत त्या शिराही सरळ दिसत नाहीत, कारण पंखांच्या पृष्ठभागावर बारीक केसांची दाट लव पसरलेली असते. शरीरही केसाळ असते, छाती वर उचललेली असल्याने कुबड आल्यासारखी भासते, आणि नराच्या स्पर्शिका पिसाऱ्याप्रमाणे फुललेल्या असतात. त्या पिसाऱ्याच्या मुळाशी असलेल्या श्रवणेंद्रियाने तो मादीच्या पंखांचा नाद टिपतो.

हा नाद केवढा, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. ओलावी सोताव्हाल्टा या फिनलंडच्या कीटकशास्त्रज्ञाला निसर्गतःच असे स्वरज्ञान लाभले होते की, कानावर पडलेल्या कोणत्याही नादाची पट्टी त्याला वाद्याच्या साहाय्यावाचून सांगता येत असे. आणि उडणाऱ्या कीटकाच्या पंखांची गती मोजण्याचे साधन म्हणून त्याने प्रथमतः याच ईश्वरदत्त देणगीचा उपयोग केला. १९५३ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या नोंदींत फॉर्सिपोमाइयाच्या पंखांची गती सेकंदाला १०४६ आघात इतकी आढळली. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे पडताळून पाहता येईल: पांढरी एक हा मध्य षड्ज धरला, तर त्याच्यावर दोन सप्तके चढून जो षड्ज लागतो, त्याची कंपनसंख्या जवळजवळ एवढीच आहे. पंख आखूड करून आणि उष्णता वाढवून केलेल्या प्रयोगांत तर ही गती सेकंदाला २२१८ पर्यंत गेली. कोणत्याही प्राण्याची मज्जातंतूव्यवस्था स्नायूला सेकंदाला हजार वेळा स्वतंत्र आज्ञा देऊ शकत नाही. तेव्हा हे घडते कसे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे की, छातीचे कवच व त्यातील स्नायू मिळून एक स्थितिस्थापक यंत्र बनलेले असते. एका बाजूचे स्नायू आकुंचन पावले म्हणजे कवच दबते व दुसऱ्या बाजूचे स्नायू ताणले जातात, हा ताणच त्यांना आकुंचनाची चेतना देतो, आणि मेंदूकडून अधूनमधून येणारा संदेश केवळ हे यंत्र चालू ठेवण्यापुरता लागतो. इतर कित्येक माश्यांत व मधमाश्यांतही हीच योजना आहे. परंतु तिची परमावधी गाठली आहे ती नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही अशा या चिलटाने.

आता त्याचे बालपण पाहू. घड उतरवून घेतल्यावर तोडून टाकलेला केळीचा खुंट पावसाळ्यात काही आठवडे सावलीत पडून राहिला, म्हणजे त्याची सोपटे काळी-तपकिरी पडून एकमेकांपासून सुटू लागतात व त्यांच्यामध्ये आंबूस वासाचा चिकट ओलावा साचतो. असे एक सोपट हळूच उचलून त्याच्या आतल्या अंगावर भिंग धरले, तर काही मिलिमीटर लांबीच्या फिकट अळ्या समूहाने चरताना दिसण्याचा संभव असतो. चिलटांच्या कुलातील बहुसंख्य अळ्या पाण्यात किंवा चिखलात सळसळत फिरणाऱ्या, पायांचा मागमूस नसलेल्या आणि अंगावर केस नसलेल्या असतात. फॉर्सिपोमाइयाची अळी मात्र जमिनीवरची रहिवासी आहे. तिला पुढे व मागे खोटे पाय असतात, त्यांच्या आधाराने ती ठाम पावले टाकीत चालते, आणि तिच्या पाठीवर दोन ओळींत विशिष्ट घडणीचे केस उभे असतात. भिंग जरा जवळ नेले की, या प्रत्येक केसाच्या टोकाशी एकेक स्वच्छ, गोल थेंब तोलून धरलेला दिसतो. हा थेंब दवाचा असावा असे प्रथमदर्शनी वाटते. वास्तविक केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून पाझरलेला हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेणारा असून, जमिनीवर राहण्याचे धाडस केलेल्या या नाजूक, पातळ कातडीच्या जीवाने कोरड्या हवेविरुद्ध केलेला तो बंदोबस्त आहे. अळ्या शैवाल, बुरशी व कुजत्या पदार्थावरील सूक्ष्मजीव खाऊन वाढतात, चार वेळा कात टाकतात, आणि कोशावस्थेत जाताना शेवटची कात पुरती न टाकता शेपटीकडच्या भागावर तशीच अडकवून ठेवतात. अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा हा सारा प्रवास उष्ण प्रदेशात साधारण तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. झाडांच्या सुटलेल्या सालीखाली, शेवाळात, शेणात, आळंब्यांत आणि मुंग्यांच्या वारुळांतही या वंशाच्या निरनिराळ्या जातींची वसती आढळली आहे. समान धागा एवढाच की, जेथे काहीतरी सावकाश कुजत आहे व ओल टिकून आहे, तेथे यांचे घर असते.

प्रौढावस्थेतील आहाराविषयी या वंशात जितकी विविधता आहे, तितकी क्वचितच एखाद्या वंशात आढळेल. काही जातींच्या माद्या सुरवंटांच्या पाठीवर बसून त्यांच्या अंगातील द्रव शोषतात, आणि सुरवंट अंग झटकीत राहिला तरी आपली जागा सोडीत नाहीत. युरोपात पॅलुडिस नावाची एक जात चतुरांच्या पंखांवर वास करते. चतुर हा स्वतः चिलटांचा व डासांचा शत्रू, परंतु त्याच्याच पंखाच्या शिरेत सोंड खुपसून, तो हवेत कितीही गिरक्या घेवो, ही मादी तेथे घट्ट चिकटून असते. लॅसिओहेलिया या उपवंशातील माद्या मात्र माणसाच्या रक्तावर जगतात, आणि कुलाला लागलेल्या बट्ट्यात या वंशाचा जो वाटा आहे तो त्यांच्यामुळेच होय. तैवानमध्ये १९१३ साली शिराकी या जपानी कीटकशास्त्रज्ञाने वर्णन केलेली तैवाना ही जात भर दिवसा उघड्या हातापायांवर हल्ला करते, ओलसर मातीवर वाढणाऱ्या शेवाळी थरांत तिची पैदास होते, आणि तेथील कित्येक गावांतील रहिवाशांना तिने अगदी जेरीस आणले आहे. हे सर्व खरे असले तरी या वंशातील बहुसंख्य जाती माणसाच्या वाटेस जात नाहीत. आणि त्यांतील काही जातींनी माणसावर एक असे ऋण करून ठेवले आहे की, त्याचा उल्लेख या प्रस्तावनेत थोडा विस्तारानेच करावा लागेल.

कोकोच्या झाडाला फुले येतात ती फणसाप्रमाणे थेट खोडावर व जून फांद्यांवर येतात. फूल जेमतेम दीड सेंटिमीटर रुंदीचे, लांब देठावर लोंबणारे, आणि माणसाच्या नाकाला जवळजवळ निर्गंध. पाच पांढरट-गुलाबी निदले मागे वळलेली. त्यांच्या आत पाच पाकळ्या, प्रत्येकीचा बुंध्याकडचा भाग फुगीर, टोपीसारखा पोकळ, आणि वरचा भाग पिवळसर, पट्टीसारखा बाहेर झुकलेला. परागकोश दिसतात का म्हणून पाहावे, तर ते त्या टोप्यांच्या पोटात लपलेले असतात. मधोमध उभ्या असलेल्या कुक्षिवृंताभोवती गडद तांबूस रंगाचे, टोकदार, वांझ असे पाच केसरदंड कुंपण घालून असतात. पराग चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशीला टोपीत शिरण्यास जागा नाही. आणि पुष्कळ झाडे अशी की, स्वतःचे पराग स्वतःच्या फुलाला चालत नाहीत, ही गोष्ट पाउंड या संशोधकाने त्रिनिदादमध्ये १९३२ साली प्रथम सिद्ध केली. त्यातून फुलाचे आयुष्य अल्प: आदल्या सायंकाळी कळी उकलू लागते, पहाटे फूल पूर्ण उमलते, आणि परागण झाले नाही तर एक-दोन दिवसांत ते गळून पडते. बीजांडे मात्र चाळीस ते साठ; म्हणजे फळ धरावयाचे तर एक-दोन परागकणांनी भागत नाही, ते मोठ्या संख्येने एकाच वेळी यावे लागतात. मोठे झाड वर्षाला हजारो फुले काढते आणि त्यांतून शेकडा पाच फुलांचेही फळ होत नाही, याचे नवल वाटण्याऐवजी इतकी तरी फळे कशी धरतात, याचेच नवल वाटावे.

या कुंपणातून आणि टोपीतून वाट काढण्यास देहाने योग्य असा प्राणी म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे, केसाळ पाठीचे चिलट. सकाळच्या पहिल्या प्रहरी सावलीतील खोडाजवळ स्थिर उभे राहिल्यास, एखादी मादी फुलाच्या तांबूस केसरदंडावर उतरून त्याच्यावरून चालू लागलेली दिसते. मध्येच ती पाकळीकडे वळते आणि टोपीत डोके घालून जवळजवळ संपूर्ण आत जाते. क्षणभर पाकळी किंचित हलते. तेवढ्यात तिच्या पाठीवरील राठ केसांत परागांचे पुंजके अडकलेले असतात. मग ती दुसऱ्या झाडावरील फुलाकडे गेली, आणि तेथे केसरदंड व कुक्षिवृंत यांच्यामधल्या अरुंद फटीतून चालताना तिची पाठ कुक्षिवृंतावर घासली गेली, म्हणजे काम झाले. या चालण्यात हेतू कोणता, ती फुलातून नेमके काय मिळविते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तिच्या पाठीवरील परागांची साक्ष निर्विवाद आहे.

ही साक्ष नोंदवून घेण्यास मात्र फार काळ लागला. मुंग्या, मावा, फुलकिडे अशा फुलावर नित्य दिसणाऱ्या कीटकांवरच आरंभीच्या निरीक्षकांची दृष्टी खिळली होती, आणि प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही पुरावा पुढे येत होता. त्रिनिदादमध्ये बिलीस या संशोधकाने कोकोच्या परागणाचे श्रेय चिलटांकडे जाते, असा निष्कर्ष १९४१ साली प्रसिद्ध केला. त्याने फुलांवरून गोळा केलेली चिलटे मॅक्फी या कीटकशास्त्रज्ञाने तपासली, आणि त्यांचे वर्णन १९४४ साली छापून आले. हे चित्र पूर्ण आहे असे मात्र आज कोणी मानीत नाही. अलीकडील निरीक्षणांत इतर कुलांतील सूक्ष्म माश्या व चिमुकल्या गांधीलमाश्याही कोकोच्या फुलांवर पराग वाहताना आढळल्या आहेत, आणि प्रदेशपरत्वे कोणाचा वाटा किती, याचा हिशेब अद्याप चालू आहे. सारे श्रेय एकट्या फॉर्सिपोमाइयाच्या पदरात टाकणे म्हणजे इतरांवर अन्याय होईल. त्याला त्यातील मोठा वाटा द्यावा, असे माझे मत आहे.

याहून मला विलक्षण वाटते ती गोष्ट निराळीच. कोको हा दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला मूळ रहिवासी. तेथून माणसाने तो बोटींतून नेला व जेथे ऊन, पाऊस आणि सावली यांचा योग्य मेळ दिसला तेथे लावला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकीर्दीत, १७९८ साली, तो तमिळ मुलखातील कुर्ताळम् येथे आला. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, तेत्ते क्वार्शी याने १८७९ साली फर्नांदो पो बेटावरून बी आणून लावल्याचे तेथे अभिमानाने सांगितले जाते. आणि आज जगातील कोकोच्या पिकापैकी अर्ध्याहून अधिक हिस्सा घाना व आयव्हरी कोस्ट या शेजारी देशांत होतो. झाडाबरोबर त्याची मायदेशीची चिलटे कोणी मुद्दाम नेली नव्हती. तरीही फळे धरली. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात पॉस्नेट याने गोल्ड कोस्टमधील बागांत परागणाचा तपास केला, तेव्हा तेथील स्थानिक चिलटेच हे काम करीत असल्याचे दिसून आले. भारतातील कोकोच्या फुलांवरही याच वंशाची चिलटे आढळली आहेत. महासागर ओलांडून आलेल्या परक्या झाडाला जेथे तेथे त्याच वंशाचे देशी सेवक तयार मिळाले, कारण वंश आधीच सर्वत्र होता व त्याला पोसणारा कुजता पाला सर्वत्र होता. मळेवाल्यांनी याचा हिशेब कधी केला नाही. त्यांच्या जमाखर्चात खत, मजुरी, औषध या सर्वांची कलमे आहेत, चिलटांचे कलम नाही.

आणि येथेच या पुस्तकाच्या मुख्य प्रतिपादनाकडे वळणे प्राप्त आहे. बाग स्वच्छ असावी, झाडांखालची जमीन लख्ख झाडलेली असावी, पालापाचोळा गोळा करून जाळावा, हा विचार आपल्याकडे सुघडपणाचे लक्षण मानला गेला आहे, आणि शेतीच्या प्रचारकांनीही दीर्घकाळ तो उचलून धरला. फॉर्सिपोमाइयाच्या दृष्टीने पाहू गेल्यास असा झाडू फिरवणे म्हणजे पुढील महिन्याची पिढी जाळून टाकणे होय. आणि फवारलेले कीटकनाशक किडीला लागते तसे परागणाऱ्यालाही लागते. अमेरिकेतील मिल्वॉकी येथील संग्रहालयाचे कीटकशास्त्रज्ञ ॲलन यंग यांनी १९८० नंतरच्या दशकात कोस्टारिकातील कोकोच्या बागांत केळीच्या खुंटांचे तुकडे व इतर कुजणारे पदार्थ पसरून त्यांचा चिलटांच्या पैदाशीवर होणारा परिणाम तपासला, आणि अशा ओल्या, कुजत्या तुकड्यांत या चिलटांची पैदास होते हे दाखविले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतातील बागांत कोकोच्या फळांच्या फोडलेल्या साली झाडांखाली टाकून पाहण्यात आल्या, आणि त्या ठिकाणी फळधारणा वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. एवढेच नव्हे, तर किडींना खाणारे कोळी वगैरे प्राणीही तेथे अधिक संख्येने राहिले.

अर्थात येथे विवेक हवा. कोकोच्या फळांना पावसाळ्यात काळी कूज नावाचा, बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे उद्भवणारा रोग होतो, आणि रोगट फळांच्या साली झाडाखाली ठेवणे म्हणजे रोगाला आमंत्रण देणे. अशी फळे उचलून दूर पुरणे, हीच खरी मशागत होय. निरोगी साली, केळीचे खुंट, पोफळीच्या विऱ्या, कुजक्या झावळ्या यांचे ढीग मात्र सावलीच्या व ओलीच्या जागी राहू द्यावेत. ज्यांनी कोकणातील जुनी आगरे पाहिली आहेत, त्यांना हा सल्ला नवा वाटणार नाही. नारळ-पोफळीच्या सावलीत केळी, मिरवेली, जायफळ यांची दाटी, पाटाने खेळणारे पाणी, आणि आळ्यांत पावलागणिक दबणारा पाला, अशा त्या बागांत कोकोची झाडे आज तुरळकच असली तरी त्यांना लागणाऱ्या परागणाऱ्याची सोय आगऱ्याने न जाणता आधीच करून ठेवलेली आहे. केरळ, कर्नाटक व आंध्र येथील नारळी-पोफळीच्या बागांत कोकोची लागवड आज मोठ्या प्रमाणावर होत असताना, बाग राखण्याच्या या जुन्या रीतीचे मोल पुन्हा एकदा जोखून पाहणे अगत्याचे आहे.

चिलटांचे कुल फुलांच्या उपयोगी पडते ते केवळ कोकोच्या बाबतीत, असेही नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर व पठारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या कंदीलपुष्पांना, ज्यांच्या कित्येक जाती पश्चिम घाटाबाहेर कोठेही सापडत नाहीत, अतिलहान माश्यांवाचून दुसरा परागणारा नाही. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेल्या माशीला ते बाहेर येऊ देत नाहीत, आणि ते सुकून निपचित पडले म्हणजे कैदी पराग घेऊन सुटतो. या वनस्पतींच्या फुलांत ज्या माश्यांची नोंद जगभर झाली आहे, त्यांच्या कुलांत चिलटांचेही कुल आहे. आपल्या दुर्मीळ फुलांची यादी आपण आस्थेने करतो, त्यांचे कंद खोदून नेण्याविरुद्ध हाकाटी करतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु ज्यांच्यावाचून त्या फुलांत बी धरणार नाही, त्या माश्या कोणत्या ओल्या पाल्यात वाढतात याची चौकशी त्याच आस्थेने झाली पाहिजे.

पुढील प्रकरणांत या वंशाचे उपवंश, त्यांच्या अळ्यांचे केस व कोशांची रचना यांवरून ओळख पटविण्याची रीत, आणि परागणाविषयी झालेल्या कामाचा तपशील दिला आहे. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी व बागायतदारांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण त्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येकाच्या आवाक्यातील आहे. काळपट पडलेल्या केळीच्या सोपटाचा वीतभर तुकडा रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावा, तोंडाला मलमलीचे फडके बांधावे, बरणी सावलीत ठेवून आतील ओल टिकेल एवढे पाणी शिंपडीत राहावे, आणि दोन-तीन आठवडे रोज सकाळी फडक्याच्या आतील अंगाला काय बसले आहे ते पाहावे. बाहेर पडलेली चिलटे ओल्या कुंचल्याच्या टोकाने अलगद टिपून मद्यार्काच्या कुपीत घालावीत. प्रत्येक कुपीत एक चिठ्ठी असावी, आणि तिच्यावर गाव, तारीख, बागेतील झाडे व तुकडा कुजण्याची अवस्था ही चारही कलमे पेन्सिलीने लिहिलेली असावीत. शाई मद्यार्कात उतरून जाते, आणि कोठून आले हे सांगता न येणारे चिलट तपासणाऱ्याच्या काही उपयोगाचे राहत नाही.